पुढील सात दिवस

मार्गशीर्ष महिना सुरू झाला आहे. भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील साकोली ह्या लहानशा गावाभोवती हलक्या धानाच्या बांध्या केव्हाच मोकळ्या झाल्या. भारी धानाची कापणी आता होत आली आहे. कापलेले धान वाळावे म्हणून ते बांधीतच ओळीने आडवे घालतात. त्या ओळींना ह्या भागात कडपा म्हणतात. चार-सहा दिवस ऊन खाल्ल्यावर कडपांचे भारे बांधायचे, भाऱ्यांचे पुंजणे रचायचे आणि मग सवडीने मळणी करायची, असा हा क्रम आहे. वर्षभराच्या कष्टांचे फळ ह्या दिवसांत उघड्या आकाशाखाली पडलेले असते. म्हणूनच संध्याकाळी हातपाय धुऊन घरात आलेला शेतकरी आकाशवाणीच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकतो, किंवा मोबाइलवर आलेला हवामानखात्याचा संदेश मुलाकडून वाचून घेतो.

तो संदेश बहुधा अशा शब्दांत असतो : “विदर्भात पुढील सात दिवस हवामान कोरडे राहण्याची शक्यता आहे. किमान तापमानात पहिले दोन दिवस विशेष बदल होणार नाही. त्यानंतरच्या तीन दिवसांत ते दोन ते तीन अंशांनी घटेल.”

तीनच वाक्ये, पण नीट विचार केला तर ती मोठी नवलाची आहेत. थंडीने दोन दिवस थांबून का राहावे? तिसऱ्या दिवशी तिने पुढे का सरसावावे? आणि जे अजून घडलेलेच नाही, ते नागपूरच्या हवामानकेंद्रात बसलेल्या माणसांना आज कसे कळावे?

प्रथम थंडी कोठून येते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते, की हिमालयावर बर्फ पडतो, तेथून गार वारा सुटतो आणि तोच वाहत वाहत आपल्या दारी येतो. ही समजूत अगदीच खोटी नाही. परंतु ती अर्धवट आहे. काश्मीर साकोलीपासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. एवढी वाट चालून येताना खालच्या उन्हाने तापलेल्या जमिनीमुळे वाऱ्याचा गारठा पुष्कळच कमी होतो. शिवाय मध्य आशियातील हाडे गोठवणारी खरी थंडी हिमालयाने पलीकडेच अडवून धरलेली असते. उत्तरेचा वारा येताना जी महत्त्वाची वस्तू बरोबर आणतो, ती म्हणजे कोरडेपणा. त्या कोरड्या हवेच्या साहाय्याने बरीचशी थंडी येथेच, साकोलीच्या बांध्यांवर, रातोरात तयार होते.

ती कशी तयार होते हे समजण्यासाठी जमिनीचा जमाखर्च मांडून पाहावा लागेल. जमिनीला उष्णता मिळते ती सूर्यापासून, आणि तीही फक्त दिवसा. खर्च मात्र रात्रंदिवस चालू असतो. कारण तापलेली कोणतीही वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकीत असते. चुलीवरून उतरवलेल्या तव्यापुढे हात धरला, तर तव्याला स्पर्श न करताही ऊब लागते. जमिनीचे तसेच आहे. तिची ऊब आपल्याला दिसत नाही, पण ती आकाशाकडे निघून जात असते.

हिवाळ्यात ह्या जमाखर्चाची जमेची बाजू लंगडी पडते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस साकोलीत दिवस सुमारे अकरा तासांचा, तर रात्र सुमारे तेरा तासांची असते. त्यातही सूर्य डोक्यावर येत नाही. त्या दिवशी दुपारी बारा वाजून आठ-दहा मिनिटांनी शाळेच्या पटांगणात एक हात उंचीची काठी सरळ उभी करा. तिची सावली उत्तरेकडे पडलेली दिसेल, आणि ती मोजली तर जवळजवळ एक हातच भरेल. सूर्य तेव्हा दक्षिणेकडे आकाशात निम्म्या उंचीवर, म्हणजे सुमारे ४५ अंशांवर असतो, हाच त्याचा अर्थ. मे महिन्याच्या अखेरीस हाच प्रयोग केला, तर सावली काठीच्या पायाशी गोळा झालेली आढळते. किरण तिरपे पडले, की तेवढेच ऊन जवळजवळ दीडपट जमिनीवर पसरते. एका माणसाची भाकरी दीड माणसांत वाटावी, तसे हे आहे.

जमा अशी घटली, तरी खर्च आवरता आला असता तर थंडी पडली नसती. पावसाळ्यात तो आवरला जातो. आकाशात ढग असतात, हवेत पाण्याची वाफ भरलेली असते. ही वाफ आणि हे ढग जमिनीची वर निघालेली उष्णता वाटेत अडवतात आणि तिच्यातला बराच भाग पुन्हा खाली पाठवतात. ढग म्हणजे धरणीवर घातलेली गोधडीच म्हणा ना. उत्तरेचा कोरडा वारा ही गोधडी ओढून नेतो. मग निरभ्र रात्री जमीन उघडी पडते, आणि तिची ऊब सरळ आकाशात निघून जाते. म्हणूनच ज्या रात्री चांदण्या अधिक लखलखतात, ती रात्र अधिक गार असते.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. सर्वांत अधिक थंडी मध्यरात्री नसते. ती पहाटे, किंबहुना सूर्य उगवल्यानंतरही काही मिनिटे असते. रात्रभर खर्च चालू असल्यामुळे शिल्लक कमी कमी होत जाते, आणि नव्या उन्हाची जमा खर्चाहून अधिक होईपर्यंत ती घटतच राहते. ही सर्वांत खालची पायरी म्हणजेच किमान तापमान. बातम्यांत सांगतात तो आकडा तोच.

जमिनीलगतची ही गार हवा आपल्या डोळ्यांना दिसत नाही. परंतु तिचे काम मात्र पाहायला मिळते. शांत थंड पहाटे एखाद्या टेकाडावर उभे राहून गावाकडे पाहावे. घराघरांतील चुलींचा धूर सरळ वर चढताना दिसतो. परंतु झाडांच्या शेंड्यांइतका उंच गेल्यावर तो थांबतो, आडवा पसरतो आणि गावावर निळसर चादर अंथरल्यासारखा तरंगत राहतो. असे का व्हावे? एरवी आपण जसजसे उंच जावे तसतशी हवा गार होत जाते. परंतु अशा पहाटे जमिनीला चिकटून असलेली हवा सर्वांत गार, आणि तिच्यावरची हवा अधिक उबदार असते. गार हवा जड. ती खाली बसून राहते. चुलीतून निघालेला धूर वर चढता चढता निवतो आणि उबदार थराशी पोचला, की त्याला आणखी वर चढण्याचे बळ उरत नाही. ह्या स्थितीला भूगोलात तापमानाची विपरीतता म्हणतात. आठ-नऊ वाजता ऊन तापू लागले, की जमिनीलगतची हवा पुन्हा ऊबदार होऊन वर उठते आणि धुराची ती चादर बघता बघता विरून जाते.

जड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे एकाच गावात टेकाडावरच्या घरापेक्षा खालच्या बांधीत थंडी अधिक असते. चुलबंद नदीच्या काठाने पहाटे चालत गेले, तर पायवाट जेथे खाली उतरते तेथे पायांना एकदम गारठा जाणवतो. तळ्याकाठी मात्र निराळा अनुभव येतो. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी लोकांनी पूर्वी बांधलेले शेकडो तलाव येथे आहेत. साकोलीजवळच शिवनीबांधचा मोठा तलाव आहे. पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. दिवसा साठवलेली ऊब तळे रात्रभर जपून ठेवते. पहाटे त्या उबदार पाण्याची वाफ वरच्या गार हवेत शिरताच तिचे सूक्ष्म थेंब बनतात, आणि तळ्यातून धूर निघत असल्यासारखे धुके उठते. लहानपणी कित्येकांना वाटते, की तळ्याखाली कोणी चूल पेटवली आहे!

आता त्या अंदाजातील कोड्याकडे वळू. थंडीने पहिले दोन दिवस थांबून का राहायचे?

त्याचे उत्तर फार दूर, भूमध्य समुद्राच्या बाजूस आहे. हिवाळ्यात त्या भागात हवेच्या कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. आकाशात अतिशय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे ही क्षेत्रे आपल्याबरोबर पुढे नेतात. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत ती काश्मीर आणि हिमाचल प्रदेशापर्यंत येतात आणि तेथे बर्फ व पाऊस पाडतात. पश्चिमेकडून येऊन हवेचा शांत क्रम बिघडवतात, म्हणून त्यांना पश्चिमी विक्षोभ असे नाव पडले आहे. हिवाळ्यातील एकेका महिन्यात असे चार-पाच विक्षोभ येऊन जातात.

असा एखादा विक्षोभ काश्मीरवर आला, की त्याच्या दक्षिणेस असलेल्या प्रदेशांतील वाऱ्यांची दिशा बदलते. उत्तरेचा कोरडा वारा मंदावतो, दक्षिणेकडून किंवा पूर्वेकडून थोडी दमट हवा येऊ लागते, आणि उंच आकाशात पिसासारखे पांढरे ढग दिसतात. आपली गोधडी थोडी का होईना परत आलेली असते. म्हणून रात्री फारशा गारठत नाहीत. हेच ते पहिले दोन दिवस. मग विक्षोभ पूर्वेकडे सरकतो. त्याच्या मागून वायव्येचा आणि उत्तरेचा वारा पुन्हा जोराने सुटतो, ढग निघून जातात, हवा कोरडी होते. उत्तर भारतातून मध्य प्रदेश ओलांडून ही कोरडी हवा विदर्भात पोचण्यास एक-दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवसापासून पारा उतरू लागेल, असे वेधशाळा सांगते ते ह्या हिशोबाने. काश्मीरमध्ये बर्फ पडल्याची बातमी ऐकल्यावर आपण स्वेटर काढून ठेवतो त्यात तथ्य आहे. मात्र त्याचे कारण बर्फाचा वारा एवढेच नाही.

पारा कधी कधी फारच खाली जातो. डिसेंबर महिन्यात नागपूरचे किमान तापमान सरासरीने १२-१३ अंश सेल्सिअस असते. परंतु २९ डिसेंबर २०१८ रोजी ते ३.५ अंशांपर्यंत उतरले. त्या शहरात इतके कमी तापमान पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याहून कमी झाले आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली असले, तर हवामानखाते थंडीची लाट आली असे जाहीर करते. वाचकांपैकी कोणी म्हणेल, की लडाखमध्ये पारा शून्याच्याही कितीतरी खाली जातो, मग आठ अंशांचे एवढे काय? पण लडाखमधील घरे, कपडे आणि खाणेपिणे थंडीसाठीच घडलेले असते. आपली कौलारू, हवेशीर घरे उन्हाळ्याच्या बंदोबस्तासाठी बांधलेली आहेत. थंडी मोजताना केवळ पारा पाहून भागत नाही. ती कोणाच्या अंगावर पडते हेही पाहावे लागते. अशा रात्री कित्येक घरांत दारेखिडक्या घट्ट लावून आत जळत्या कोळशांची शेगडी ठेवतात. ते फार धोक्याचे आहे. कोंडलेल्या खोलीत कोळशातून निघणारा विषारी वायू साचतो; त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

पारा मोजण्याचीही एक ठरलेली रीत आहे. उन्हात ठेवलेला तापमापक स्वतःच तापतो आणि चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून वेधशाळेच्या आवारात, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी बसवलेली असते. तिच्या भिंतींना खिडकीच्या झिलमिल्यांसारख्या तिरप्या फटी असतात, त्यामुळे आत वारा खेळतो. पण ऊन शिरत नाही. दार उत्तरेकडे असते. पेटी एवढी उंच असल्यामुळे एक गंमत होते : पहाटे जमिनीवरचे गवत पेटीतल्या हवेपेक्षा कितीतरी गार असते. म्हणून पारा चार-पाच अंशांवर असतानाही गवतावरचे दव गोठू शकते.

आपल्या देशात ही कामे पद्धतशीर सुरू झाली ती १८७५ साली. १८६४ मध्ये कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ येऊन गेले होते. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला होता. त्यानंतर सरकारने भारतीय हवामानखाते स्थापन केले. खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साधी साधी उपकरणेसुद्धा परदेशांतून आणावी लागत. १९४८ साली पुण्याच्या कार्यालयात अॅना मणी नावाच्या तरुण शास्त्रज्ञ बाई रुजू झाल्या. हवामानाची सुमारे शंभर उपकरणे येथेच बनवता यावीत म्हणून त्यांनी त्यांचे आराखडे प्रमाणबद्ध केले. चुकीचे माप हे माप नसण्यापेक्षा वाईट, अशी त्यांची धारणा होती.

आज साकोलीच्या पश्चिमेस नागपूर येथे आणि उत्तरेस गोंदिया येथे वेधशाळा आहेत. नागपूरहून पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास एक मोठा रबरी फुगा आकाशात सोडतात. त्याला टांगलेले छोटे उपकरण वाटेतील हवेचे तापमान, दाब आणि दमटपणा मोजून बिनतारी लहरींनी खाली कळवते. जगातील शेकडो ठिकाणांहून त्याच वेळी असेच फुगे वर जात असतात. इराणवरची हवा आज कशी आहे हे नागपूरला कळते, ते ह्या देवघेवीमुळे. शिवाय भारताने सोडलेले इन्सॅट मालिकेतील उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून ढगांची चित्रे रात्रंदिवस पाठवत असतात. काश्मीरकडे सरकणारा विक्षोभ त्या चित्रांत पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसतो.

एवढी माहिती हाती आल्यावर तिच्यावरून उद्याची हवा गणिताने काढता येईल, ही कल्पना प्रथम मनावर घेणाऱ्यांपैकी एक होते इंग्लंडमधील लुईस रिचर्ड्सन. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवीत. रणभूमीच्या त्या धामधुमीत त्यांनी फक्त सहा तासांनंतरच्या हवेचे गणित हाताने केले. त्याला काही आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकले! तरीही १९२२ साली त्यांनी आपली रीत आणि आपली चूक, दोन्ही छापून प्रसिद्ध केली. त्यांची रीत मूलतः बरोबर होती. आज तसलीच गणिते संगणक करतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत २०२४ साली बसवलेल्या महासंगणकाला सूर्याच्या नावावरून ‘अर्क’ म्हणतात. हवेचे लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनातील वारा, तापमान आणि वाफ पुढच्या घटकेस काय होईल, हे असे संगणक अतिशय वेगाने मांडत जातात.

मग सातही दिवसांचा अंदाज सारखाच खरा मानावा काय? नाही, आणि ह्यामागे एक मौजेची हकिकत आहे. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हे शास्त्रज्ञ संगणकावर हवेचे एक सोपे गणित करीत होते. एकदा केलेले गणित पुन्हा तपासावे म्हणून त्यांनी मधूनच सुरुवात केली, आणि ०.५०६१२७ ह्या आकड्याऐवजी कागदावर छापलेला ०.५०६ हा आकडा घातला. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटून ते कॉफी घेण्यास गेले. तासाभराने येऊन पाहतात तो दुसरे उत्तर पहिल्यापासून भलतीकडेच गेलेले! आरंभीचा इवलासा फरक दिवसागणिक वाढत जातो, हे त्यांच्या ध्यानात आले. आपली उपकरणे कितीही चांगली असली, तरी जगातील प्रत्येक ठिकाणची हवा मोजता येत नाही, काहीतरी निसटतेच. म्हणून उद्याचा आणि परवाचा अंदाज पुष्कळ पक्का असतो, चौथ्या-पाचव्या दिवशी तो अंमळ सैल होतो, आणि सातव्या दिवसाचा अंदाज म्हणजे केवळ कल दाखवणारे बोट. “शक्यता आहे” हे शब्द वेधशाळा अंग राखण्यासाठी वापरते असे काही लोक हसून म्हणतात. आम्हाला तो तिचा प्रामाणिकपणा वाटतो.

शेतकरी नेमका ह्याच फरकावर आपला हिशोब बसवतो. वाळलेल्या धानात ओल जितकी कमी तितके ते टिकाऊ. सरकारी खरेदीकेंद्रावरही १७ टक्क्यांहून अधिक ओल असलेले धान स्वीकारू नये असा दंडक आहे. पहिले तीन-चार दिवस नक्की कोरडे, असे कळले, तर तो कडपांना आणखी दोन दिवस ऊन खाऊ देतो. तीच कडपांवर पावसाची सर पडली, तर दाणे भिजून फुगतात, लोंबीतच कोंब फुटतात, आणि जे तांदूळ हाती येतात त्यांचा भरडताना चुरा होतो. पुंजणे रचलेले असले तर वरून ताडपत्री टाकता येते. बांधीभर पसरलेल्या कडपांवर कोण काय टाकणार?

अशी सर हिवाळ्यातही येऊ शकते. भंडारा अरबी समुद्रापासून फार दूर आहे. त्या मानाने बंगालचा उपसागर जवळ. तिकडून दमट वारा पूर्व विदर्भात शिरला आणि त्याच वेळी वरून एखादा विक्षोभ जाऊ लागला, तर दोहोंची गाठ पडून ढग दाटतात. कधी गारपीटही होते. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात उपसागरात ‘मिचाँग’ नावाचे चक्रीवादळ उठले. ५ डिसेंबरला ते आंध्र प्रदेशात बापटलाजवळ किनाऱ्यावर चढले. वादळ पुढे विरले. परंतु त्याने आणलेली दमट हवा पूर्व विदर्भापर्यंत पोचली आणि ऐन मळणीच्या दिवसांत तेथे ढगाळ, पावसाळी हवा झाली. त्याची सूचना हवामानखात्याने आधी दिली होती. ज्यांना भारे बांधण्याइतकी सवड आणि माणसे मिळाली, त्यांच्या उपयोगी ती पडली. ज्यांचे मजूर त्या दोन दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत गुंतलेले होते, त्यांना नुसती सूचना कितपत पुरणार?

कोरडी थंडीही सर्वांनाच सारखी मानवत नाही. हरभऱ्याला ती हवीहवीशी असते. जवस आणि धानाच्या ओलीवर पेरलेली लाखोळीही तिच्यात जोम धरते. परंतु ज्यांच्याकडे तलावाचे, कालव्याचे वा विहिरीचे पाणी आहे, ते डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकतात. ह्या कोवळ्या रोपांना दहा अंशांखालची रात्र सोसत नाही. ती पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. म्हणून थंडी वाढणार असे कळले, की जाणता शेतकरी संध्याकाळी वाफ्यात पाणी भरतो आणि सकाळी ते गार झालेले पाणी काढून टाकतो. शिवनीबांधचे तळे जे काम रात्रभर मोठ्या प्रमाणावर करते, तेच काम वितभर पाणी त्या वाफ्यात करीत असते.

सात दिवसांचा अंदाज सात दिवस तसाच ठेवायचा नसतो. वेधशाळा तो रोज नवा करते, आणि कालचा पाचवा दिवस आज चौथा झालेला असल्यामुळे तो कालच्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो. त्याला आपल्या डोळ्यांची जोड देता येते. पश्चिमेकडून पिसासारखे ढग येऊ लागले, चंद्राभोवती मोठे खळे पडले, तर उंच आकाशात बर्फाच्या सूक्ष्म कणांचा पातळ ढग पसरला आहे असे समजावे. विक्षोभाची पुढची कड बहुधा अशीच दिसते. गावातील म्हातारी माणसे आकाशातले खळे पाहून जमिनीवरच्या खळ्याची काळजी करू लागतात, ती उगाच नव्हे.

त्या रात्री साकोलीतला आपला शेतकरी अंदाज ऐकून अंगणात येतो आणि वर पाहतो. चंद्र स्वच्छ आहे. वारा पडलेला आहे. कडपा उद्या आणि परवा तशाच राहू द्यायच्या, तिसऱ्या दिवशी सकाळी दव उतरल्यावर भारे बांधायला माणसे बोलवायची, असे तो घरात सांगतो. पऱ्ह्याच्या वाफ्यात पाणी सोडण्याचे काम तो थोरल्या मुलावर सोपवतो. मुलगा कंदिलासारखी बॅटरी हाती घेऊन बांधाने निघतो. बांधावरचे गवत आताच ओले झाले आहे, आणि खालच्या बांधीत उतरताना त्याच्या पायांना गारठा लागतो.